ठमीच्या शॉकअपमधली हवा

१२ जानेवारी

बारक्या,

नमस्कार-चमत्कार राहू दे. पत्र मिळालं. दोन पानं लिहिलीस, त्यातलं दीड पान माझ्या तब्येतीची चौकशी. मी ठणठणीत आहे. पुढल्या वेळी ते दीड पान वाचव.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, ठमीला जूनमध्ये पुढच्या शिक्षणासाठी तुझ्याकडे पाठवीन का. नाही. तिची आई गेली तेव्हा पोर दहा वर्षांची होती. वर्षाच्या आत तू दुसरा संसार थाटलास आणि रात्रभर बसमध्ये बसावं लागेल इतक्या लांब निघून गेलास. तेव्हाच मी सांगितलं होतं, पोरगी माझ्याकडे राहील आणि तू तिच्या नजरेला पडायचं नाही. आता पाच वर्षं झाली. खाली माझं सायकलचं दुकान, वर दोन खोल्या, आम्ही दोघी. आमचं नीट चाललंय. मध्ये नाक खुपसू नकोस.

दुसरी, तिला सोळावं लागतंय म्हणून डोंगरात चालवायची सायकल द्यायची आहे, पुढेमागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉकअप असलेली, कुठली घेऊ. याला मी नाही म्हणत नाही. तिच्या आत्ताच्या सायकलीला मी दोनदा वेल्डिंग मारलंय आणि तिसऱ्यांदा मारायला पत्रा उरलेला नाही. रविवारी ती चार पोरींबरोबर मागच्या डोंगरावर जाते. आधी खाणीच्या ट्रकांचा खडीचा रस्ता, मग झाडीतली पायवाट, मुळं नि चिखल, वर नुसते धोंडे. सगळं एकाच फेरीत. त्याला कुठली लागते ते मी बघून कळवते. तू तिकडे दुकानात जाऊन चकाकतं ते घेऊ नकोस.

तिच्या नावाचं वेगळं पाकीट होतं, ते मिळालं.

फोन करू नकोस. दुकानातला फोन मी उचलते. तुझा आवाज आला की ठेवून देईन.

— ताई


३ फेब्रुवारी

बारक्या,

परवा ठमीला घेऊन शहरातल्या मोठ्या शोरूमला गेले. आत वातावरण असं की चप्पल बाहेर काढावी की काय. एक पोऱ्या आला, केसांना जेल लावलेला.

"काकू, कुणासाठी बघताय? घरात चालवायला हवी का?"

म्हटलं, "घरात कोण सायकल चालवतं रे? तू चालवतोस?"

ठमी हसायला लागली. मग तो तिच्याशी बोलायला लागला. मागचं चाक शॉकअपवर सतरा सेंटीमीटर वर जाणारी एक काढली. "ही घ्या मॅडम, कशावरूनही उडवा."

"आणि चढावर कोण ढकलणार? तू येशील का रविवारी?" मी विचारलं.

तर ऐक. शॉकअप जितका लांब तितकी सायकल उतारावर मऊ आणि चढावर मेलेली. अर्धा वेळ चढ असेल तर मागे तेरा सेंटीमीटर, पुढे चौदा, बास. चाकं एकोणतीस इंची, धोंड्यावरून सरळ जातात. टायर रुंद, ट्यूब नसलेले, म्हणजे हवा कमी ठेवून चालवता येतात आणि मुळांवर पकडतात. फ्रेम ॲल्युमिनियमची. कार्बनची घ्या म्हणून तो मागे लागला होता. माझ्याकडे चष्मेवाला मास्तर येतो, त्याने कार्बनची घेतली, तडा गेला तर मला वेल्ड करता येत नाही, नुसतं हळहळायचं. सीटची दांडी बटण दाबून खाली जाणारी मात्र हवीच. उतारावर सीट खाली गेली की माणूस मागे सरकू शकतो, नाहीतर हँडलवरून पुढे.

मापाला मी ठमीला पॅडलवर उभं केलं. मधली फ्रेम बसली. लहान घेतली असती तर गुडघे हँडलला लागले असते. तिचे खांदे रुंद आहेत, आईसारखे. दांडगी पोर आहे. म्हणून तर ठमी.

कागदावर सगळं लिहून पाठवलंय. त्याच शोरूमला कळव, ते घरी पोचवतील.

जूनचं पुन्हा विचारू नकोस.

— ताई


२ मार्च

बारक्या,

सायकल आली. हिरवी. ठमीने खोका फाडताना अर्धं दुकान भरून टाकलं पुठ्ठ्याने.

शोरूमवाल्यांनी सगळं लावून दिलंय असं बिलावर छापलं होतं. मी हँडल धरून हलवलं तर त्याच्या खालचं बेअरिंग कडकड वाजलं. पूर्ण उघडली आणि पुन्हा बांधली. मग शॉकअप. तुला कळावं म्हणून सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई नुसती पाने फिरवते. मागचा शॉकअप हवेचा असतो. त्याच्या दांडीवर एक रबरी कडी असते. माणसाने पूर्ण कपड्यांनिशी, हेल्मेट, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, सगळं घालून हळूच बसायचं. कडी वर नळकांड्याला टेकेपर्यंत सरकवायची. मग हळूच उतरायचं. कडी जिथे राहिली तिथपर्यंत शॉकअप त्या माणसाच्या वजनाने खाली गेला. चाक तेरा हलतं, पण ही दांडी पाचच सेंटीमीटरची, त्यातली दीड जायला हवी. जास्त गेली तर हवा भर, कमी गेली तर सोड. हवा भरायला लहान पंप येतो, घड्याळासारखी तबकडी असते त्याला.

ठमीला दीडशे पौंड हवा लागली. दरवाजाच्या मागच्या बाजूला खडूने तारीख आणि आकडा लिहून ठेवला, मी सगळ्या गिऱ्हाइकांचं लिहिते. मग तिला फुटपाथवरून बसल्याबसल्या खाली उतरवली. मागचं चाक एकदा उसळलं आणि गप्प झालं. दोनदा उसळलं असतं तर उसळी आवरणारा मागचा लाल खटका आणखी फिरवावा लागला असता.

ती काय म्हणाली विचारशील. आवडली म्हणाली. आणखी काय म्हणणार. दुपारभर अंगणात गोल गोल फिरवत होती.

— ताई


२८ मार्च

बारक्या,

फोटो मागितलास, घे. डोंगरावर मास्तरने काढलाय, त्याला सगळ्याचे फोटो काढायची खोड आहे.

सायकल उत्तम आहे. मध्ये ठमी म्हणाली, "आत्या, मागून लाथा मारते गं, धोंडे सगळे पाठीत येतात." बसवून बघितलं तर कडी जेमतेम सव्वा सेंटीमीटरवर. म्हणजे हवा जास्त झाली. नवा शॉकअप असतो, रबरं मुरतात, होतं असं. एकशे चाळीसवर आणली. पुन्हा मऊ.

परीक्षेमुळे जरा मरगळली आहे. सारखं पाणी पिते, उन्हाळाच तसा आहे. बाटली एकच बसत होती, मी फ्रेमला आणखी एक जाळी ठोकली. आता दोन बाटल्या नेते.

तू पत्राच्या शेवटी "तिला माझी आठवण येते का" असं लिहिलंस. हे असले प्रश्न मला विचारू नकोस.

— ताई


२६ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. फोटो बघितलास आणि लगेच "फार वाळली आहे, डॉक्टरला दाखव." तुला पाच वर्षांनी फोटोत दिसलं, आणि मी रोज समोर ताट वाढते तिला दिसत नाही? डोंगर चढणारी पोर आहे. चरबी जाते, स्नायू येतात. चेहरा निघतो. तिच्या वयाला तुझी हाडं मोजता येत होती, तेव्हा कुणी डॉक्टर आणला होता? खाते भरपूर. एका बैठकीत माझ्या दुप्पट खाते.

हां, दमते. चढावर थांबते म्हणून बरोबरच्या पोरी चिडवतात. त्यावर उपाय केला. पॅडलजवळचं बत्तीस दात्यांचं चाक काढून अठ्ठावीसचं बसवलं, आता चढ सोपा. खडीवर तिला जरा भराभर पॅडल मारावं लागेल, पण धोंड्यांत बरं.

शॉकअपचा मात्र वैताग आहे. दर दहा दिवसांनी कडी वर. एकशे तीस. मग एकशे बावीस. मला वाटलं पंपाची तबकडीच बिघडली. मास्तरचा पंप मागून आणला. तोही तेच दाखवतो. मग शॉकअप उघडून रबरं बदलली, तरी तेच. शोरूमला कळवलंय, माल सदोष आहे म्हणून.

ठमी वैतागून म्हणाली, "जाऊ दे ना आत्या, राहू दे कडक." मी म्हटलं, "गप बस तिथे, हलू नकोस, माप घेतेय."

रात्री चारपाचदा उठते बाथरूमला. इतकं पाणी पिल्यावर दुसरं काय होणार.

डॉक्टरची कौतुकं तुझ्या घरी कर.

— ताई


१४ मे

बारक्या,

हे पत्र दवाखान्यातून लिहितेय. बाहेरच्या बाकावर बसून. कागद नर्सने दिलाय.

आधी हे वाच. ठमी जिवंत आहे. अजून शुद्धीवर नाही.

तिला साखरेचा आजार आहे. म्हाताऱ्यांना होतो तो नाही, दुसरा, पोराटोरांना अचानक होतो. शरीर साखर वापरूच शकत नाही, म्हणून मांसच जाळत सुटतं. डॉक्टरीणबाईने मला दोनदा समजावलं. पहिल्यांदा मी ऐकलंच नाही, बाईच्या गळ्यातल्या तपासायच्या नळीकडे बघत होते.

बारा तारखेला सकाळी तिला उलट्या झाल्या. म्हटलं पोट बिघडलं, झोप, आणि खाली दुकानात आले. मास्तरचं चाक वाकलं होतं, ते सरळ करत बसले. स्पोक स्पोक करून. मास्तर म्हणाला, "ठमी दिसत नाही आज?" म्हटलं, "पडलीये वर, नखरे." दुपारी वर गेले तर तिचा श्वास जिन्यापर्यंत ऐकू येत होता. भाता फुंकल्यासारखा. डोळे उघडे. हाक मारली तर माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं नाही. तोंडाला कुजत आलेल्या फळाचा वास. मास्तरने गाडी आणली. मी तिला उचलली.

बारक्या, मी तिला एकटीने उचलली. जिन्यावरून खाली आणली आणि दम लागला नाही. तेव्हा कळलं मला. सायकल खांद्यावर टाकावी तशी आणली मी तिला.

डॉक्टरीणबाईने विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?" मी म्हटलं, "दोन मार्चपासून. सव्वीस मार्चला दहा पौंडांनी हवा सोडली. दहा एप्रिलला आणखी दहा. वीसला आठ. पाच मेला पुन्हा, एकशे तेरावर." तिला काही समजेना. मग मी शॉकअपचं सगळं सांगितलं, कडीचं, पंपाचं, आणि सायकल आली तेव्हा पोर अठ्ठावन्न किलोची होती तेही. तिने कागदावर भागाकार केला. म्हणाली, म्हणजे अठ्ठावन्नची पोरगी त्रेचाळीसवर आली. वजनकाट्यावर आत्ता तेवढीच भरली.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "इतकं बारीक कुणी आम्हाला कधी सांगत नाही हो. मग आणलं का नाहीत?"

तिला तहान लागली, मी जाळी ठोकली. तिला चढवेना, मी चाक बदललं. ती हलकी झाली, मी हवा सोडली. दर वेळी सायकल अगदी बरोबर झाली. एकदाही चुकली नाही.

तू एका फोटोवरून ओळखलंस. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते चुरगाळलं. तुझं बरोबर निघायला नको होतं मला. तुझं एकदा बरोबर निघालं तर मग तू जूनचंही बरोबर म्हणशील, आणि पोर जाईल. हे खरं आहे. शाळा मी सातवीत सोडली, पण इतकं मला तेव्हाही कळत होतं.

आणखी दोन गोष्टी आहेत. सायकल मी घेतली असं ठमीला सांगितलंय. तिने माझ्या गळ्यात पडून दोन्ही गालांचे पापे घेतले होते, ते मी घेऊन टाकले. आणि तुझं तिच्या नावाचं पाकीट मी तिला दिलेलं नाही. ते आणि त्याआधीची नऊ. "तुझा बाप तुझी चौकशीसुद्धा करत नाही," असं मी तिला सांगत आले. दर वाढदिवसाला सांगितलं. तीही मान हलवायची आणि विषय बदलायची.

इथल्या टेबलावर फोन आहे. तीनदा उचलला. तुझा नंबर मला पाठ नाही.

शुद्धीवर येईल म्हणतात. आणखी एक रात्र गेली असती तर आली नसती, असंही म्हणतात.

— ताई


१६ मे, दुपार

बारक्या,

चौदा तारखेचं पत्र टपालात टाकलंच नव्हतं. दोन दिवस खिशात होतं. हेही त्यालाच जोडतेय. रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते, त्याची मी सायकल दुरुस्त करते, सकाळी तुझ्या दारात आणून देईल.

काल संध्याकाळी ठमी शुद्धीवर आली. आधी पाणी मागितलं. मग विचारलं, "आज रविवार आहे का?" नर्सने तिला सुईचं सांगितलं. दिवसातून चार वेळा, स्वतःच्या हाताने, जन्मभर. रडली नाही. बोटाला टोचून रक्त काढून घ्यायचं ते तिने पहिल्याच वेळी नीट केलं. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, त्याचं काय होतंय ते बघू म्हणतात. डोंगराचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

मी माफी मागायला गेले. मला येत नाही ते. म्हटलं, "ठमे, माझं लक्ष नव्हतं."

ती म्हणाली, "होतं की आत्या. दर दहा दिवसांनी तू जमिनीवर बसून बघायचीस. पण त्या कडीकडे. एकदा तरी मान वर केलीस का?"

मी उठून तिच्या बाटलीत पाणी भरलं.

आज सकाळी सगळं सांगितलं. सायकल कुणी घेतली ते. जूनचं. पाकिटांचं. दहाच्या दहा पाकिटं मास्तरकरवी दुकानातून आणवली होती, ती तिच्या पांघरुणावर ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणत होती, आत्ता नको, तब्येतीला धक्का बसेल. म्हटलं, बाई, आजवर तब्येतीचा विचार न करता सगळं केलं, हे तरी वेळेत करू दे.

ठमीने तारखा लावून पाकिटं ओळीने मांडली. पहिलं उघडलं, वाचलं. दुसरं वाचलं. मध्येच हसली एकदा, तू काहीतरी मांजराचं लिहिलंयस. मी खुर्चीवर बसून होते. सहाव्या पाकिटाला तिने हात थांबवला, माझ्याकडे न बघता विचारलं, "हे आलं तेव्हा मला गोवर होता ना?"

"हो."

"मी तापात बाबा बाबा करत होते म्हणून तूच सांगतेस सगळ्यांना. हसून सांगतेस."

"हो."

"आणि तेव्हा हे खाली होतं?"

"खाली होतं. स्पोकच्या डब्याखाली."

तिने तेही वाचलं. मग राहिलेली चार उशीखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. नर्स येऊन सुई देऊन गेली. मला वाटलं झोपली. उठायला लागले तर म्हणाली, "बाबांना बोलाव. त्यांच्याबरोबर जायचं की नाही ते मी त्यांना बघून ठरवीन. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"बरं."

"आणि ते आत असतील तेव्हा तू बाहेर थांब."

तेवढंच म्हणाली. रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी भांडले असते.

म्हणून ये. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डाव्या हाताला तिसरं दार. सुईच्या वेळा दारावर लिहिल्यात, त्या वेळी नर्स तुला बाहेर काढेल, हुज्जत घालू नकोस. तिला जास्त बोलायला लावू नकोस, लगेच दमते. ती काय विचारेल त्याचं खरं उत्तर दे, माझ्याबद्दल विचारेल त्याचंही. माझी बाजू सावरू नकोस.

मी बाहेरच्या बाकावर असेन. थांबू नकोस, काही बोलू नकोस. सरळ आत जा.

— ताई